काटेरी झाडाचं सोनं: ग्वाल्हेरचा दसरा ते कोजागरी

पुण्याहून निघताना मंडईतून आपट्याच्या पानांची मोठी जुडी घेतली. ओल्या फडक्यात गुंडाळली, वरून वर्तमानपत्र लावलं आणि जवळजवळ चोवीस तासांच्या प्रवासात दर दोन-तीन तासांनी पाणी शिंपडत ग्वाल्हेरपर्यंत नेली. समोरच्या बर्थवरच्या बाईंना वाटलं, पालक आहे. माझ्या डोक्यात चित्र असं होतं: आत्या लग्न होऊन तिकडं गेली त्याला साठ वर्षं होतील, बिचारीला आपट्याचं पान कुठं दिसत असेल, बघून डोळे भरून येतील.

आत्यानं पुडकं सोडलं, एक पान उजेडात धरलं आणि खो खो हसत सुटली. "अगं, इतकी पत्ती वाहून आणलीस? हे सोनं इथं कोण घेणार?" तिच्या नातवानं तर जागच्या जागी निकाल दिला, "आजी, ही कचनारची पत्ती आहे." पानं देवघरात एका तबकात गेली आणि मी चहा प्यायला बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून कोजागरीपर्यंत आत्याकडं राहायचं, एवढाच बेत होता. बरोबर माझी चौदा वर्षांची लेक. तिचा वेगळा बेत होता, तो म्हणजे झोपायचं.

नवमी

ग्वाल्हेर हे एक गाव नाही, तीन आहेत. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, पलीकडं मुरार, आणि आपल्या माणसांचं लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी हलवली, किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ पडला; तळ उठला नाही आणि त्याचंच शहर झालं. नावसुद्धा बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. रिक्षातून जाताना पाट्या वाचत बसावं: शिंदे की छावनी, पाटणकर बाजार, फालका बाजार, महाराज बाडा. आत्याचं घर दानाओलीजवळ. ओली म्हणजे आपली ओळ किंवा आळी. रिक्षावाल्याला मी तसं सांगून पाहिलं, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरात घट बसलेले होते. परडीतलं धान वीतभर वाढून पिवळं पडलेलं, वर नऊ माळा. खंडेनवमी म्हणून आतोबांनी पाटावर शस्त्रं मांडली होती: म्यानातून निघायला ठाम नकार देणारी एक तलवार, आत्याचं शिवणयंत्र, त्यांचं स्वतःचं शाईचं पेन (चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय) आणि नातवाची क्रिकेटची बॅट. स्कूटर पाटावर मावत नाही म्हणून तिला दारातच हळदकुंकू.

दुपारी शेजारपाजारच्या आठ-नऊ मुली येऊन ओळीनं बसल्या. हे कन्यापूजन उत्तरेकडचं. अष्टमी-नवमीला मुलींचे पाय धुवायचे आणि हलवा, पुरी, काळे चणे वाढायचे. आत्याच्या सासूबाईंच्या काळात हे घरात नव्हतं. "शेजारणी आपल्या मुलींना जेवायला बोलावायच्या, मग आपण नाही बोलावलं तर बरं दिसतं का?" एवढंच कारण. आता एका कोनाड्यात मराठी घट आणि त्याच्यापुढं हिंदी पंगत. माझी लेक वयानं बाद ठरली, म्हणून तिला वाढपी केलं. झोपेचा बेत तिथंच मोडला.

जाणाऱ्यांसाठी: दसऱ्याच्या आसपास जायचं तर शक्यतो लष्कर भागात उतरा. देवळं, बाजार, राजवाडा सगळं जवळ पडतं. ऑक्टोबरात दुपारचं ऊन पुण्याच्या मे महिन्याची आठवण करून देतं आणि पहाटे पांघरूण लागतं. दोन्हीची तयारी हवी.

दशमी

सकाळ स्वयंपाकघरात गेली. श्रीखंड घरचं, पण चक्का टांगायचा तो रात्रभर नाही, "इथल्या गर्मीत आंबट होऊन जातो." पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि ताटात उजवीकडं एक अनपेक्षित पाहुणा, दहीबडे. वर भाजलेलं जिरं आणि गोड चटणी. श्रीखंडाशेजारी दहीबडे म्हणजे एकाच घरातले दोन सख्खे भाऊ एकाच वेळी ताटात. मी दोन्ही खाल्ले.

जेवताना मी आपट्याचा विषय पुन्हा काढला. आपण सोनं म्हणून आपटा देतो, इथं शमी का? आतोबा याचीच वाट पाहत असावेत. पाटावरून उठले, हात धुतले आणि तास सुरू झाला.

गोष्ट आपल्याला माहीत असते ती अशी. वरतंतूचा शिष्य कौत्स. गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून हट्टाला पेटला, तेव्हा वैतागून गुरूनं चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा मागितल्या. कौत्स रघुराजाकडं गेला, पण विश्वजित यज्ञात सगळं दान करून राजाकडं मातीची भांडी उरली होती. मग रघूनं कुबेरावरच चढाई ठरवली आणि कुबेरानं रातोरात सोन्याचा पाऊस पाडला. "कुठं पाडला?" आतोबांनी मला शाळेतल्यासारखं विचारलं. आपट्याच्या झाडावर, मी म्हटलं. "रघुवंशाचा पाचवा सर्ग काढून बघ. कालिदासानं सोनं कोषागारात पाडलंय. झाड मागाहून आलं. लोकांना तिजोरीत सोनं पडून काय उपयोग? झाडावर पडलं तर लुटता येतं."

आणि झाड कुठलं? जुने धर्मग्रंथ विजयादशमीला शमीपूजन सांगतात. शमी मिळाली नाही तर अश्मंतक, म्हणजे आपटा. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना विराटनगराबाहेर शस्त्रं लपवली ती शमीवर, अर्जुनानं गांडीव पुन्हा काढलं ते शमीवरून. विराटनगर म्हणजे जयपूरकडचं बैराट मानतात. त्या कोरड्या मुलखात शमीच असणार. राजस्थानात तीच खेजडी, ग्वाल्हेरकडं छोंकर. दख्खनच्या डोंगरात आपटा हाताशी होता, म्हणून आपण आपटा घेतला.

"म्हणजे तुमचा आपटा हा बदली शिक्षक," आतोबा म्हणाले. चोवीस तास पाणी शिंपडून मी बदली शिक्षक आणला होता.

(पुण्यात हल्ली आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकतात, म्हणजे बदलीचीही बदली. कांचन म्हणजेच कचनार. नातू तितकासा चुकला नव्हता, कारण दोन्ही एकाच कुळातली. माझी जुडी मात्र अस्सल आपट्याची होती. पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त. हे मी तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही.)

संध्याकाळी मांढरे की माता. कंपू भागात टेकडीवर हे देऊळ आहे, देवी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी, आणि देऊळ जयाजीराव शिंद्यांच्या काळातलं. मांढरे हे नाव त्या काळापासून देवीला चिकटलं. टेकडीवरून समोर जयविलास महाल दिसतो. राजे रोज सकाळी महालातून दुर्बिणीनं देवीचं दर्शन घ्यायचे, असं इथं प्रत्येक जण सांगतो. दुर्बीण कुठं आहे ते कुणी सांगत नाही.

टेकडीच्या पायथ्याच्या मैदानात शमीपूजन होतं. शिंदे घराण्याचे प्रमुख, सध्या ज्योतिरादित्य शिंदे, आधी महाराज बाड्यावरच्या गोरखी देवघरात पूजा करून संध्याकाळी इथं येतात. पोशाख दरबारी, डोक्यावर शिंदेशाही पगडी. जुन्या सरदार घराण्यांतली मंडळी हजर असतात. पूजा होते, तलवार शमीच्या फांदीला लागते, आणि त्याच क्षणी माणसं झाडावर तुटून पडतात.

तुटून पडतात हे मी उगाच म्हणत नाही. आपण एरवी "सोनं लुटणं" म्हणतो आणि शेजाऱ्याच्या हातावर पान ठेवतो. इथं लूट म्हणजे लूट. पगडीवाले काका, जीन्समधली पोरं, कडेवर मूल घेतलेली बाई, सगळे हात वर. फांदी कुणाच्या तरी हातात गेली की त्याच्या अंगावर दहा जण. शमीला काटे असतात, हे मला पहिल्या मिनिटाला समजलं. माझ्या वाट्याला एक बोटभर डहाळी आणि मनगटावर दोन लाल रेघा आल्या. लेकीनं मात्र पंजाभर मिळवलं. ही तीच मुलगी, जिला गर्दी सहन होत नाही म्हणून आम्ही गणपती बघायला जात नाही.

पाऊस ओसरला, नद्यांना उतार आला, शेतात घोड्यांना पुरेल एवढी वैरण उभी राहिली की मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या. शिंदे घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. राणोजी तिथून निघाले, महादजींनी दिल्लीपर्यंत मजल मारली आणि १७९४ साली देह ठेवला तो पुण्यात, वानवडीला. शिंद्यांची छत्री आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. दर दसऱ्याला निघालेल्या त्या माणसांतली बरीचशी परत आलीच नाहीत. त्यांची पणतवंडं त्या मैदानात माझ्या आजूबाजूला उभी होती आणि हिंदीत एकमेकांना ढकलत होती.

परतताना आभाळ भरून आलं. "हस्ताचा पाऊस आहे, एक सोंड मारून जाईल," आत्या म्हणाली. जवळच्या मैदानात रावण उभा होता आणि त्याच्यावर दहा मिनिटं सणसणीत सर आली. सर थांबली तेव्हा रावणाची चार डोकी मानेवर पडलेली, मिशा ओघळलेल्या, आणि मंडळाची मुलं पोटात रॉकेल ओतत होती. तीनदा बत्ती दिली, तीनदा नुसता धूर. शेवटी एक फटाका उलटा उडून मंडपात गेला, लोक पळाले, आणि कुणी बघत नसताना रावण पेटला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी शांतपणे सांगितलं, "इस साल मन नहीं था उसका।"

रात्री अकरापर्यंत घरी सोनं देणारे येत होते. मोठ्यांच्या पाया पडायचं, हातात शमीची चार पानं ठेवायची. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" हे शब्द मात्र तेच, अगदी आमच्या सोसायटीतले. शेजारचे गुप्ताजीही तेच म्हणाले, स्वच्छ मराठीत. त्यापलीकडं त्यांना मराठी येत नाही.

जाणाऱ्यांसाठी: शमीपूजनाला तासभर आधी पोचा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, चप्पल नको, बूट हवेत. लहान मुलांना झाडापासून लांब ठेवा.

एकादशी

आत्याचा पाशांकुशेचा उपास, आमचा किल्ला. गाडीनं जायचं तर उरवाई दरवाजा, पायी चढायचं तर जुन्या ग्वाल्हेरच्या बाजूनं. आम्ही गाडीनं गेलो आणि पायी उतरलो. दुखऱ्या गुडघ्यांना हा क्रम चालतो. उरवाईच्या घाटात कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथं गाडी थांबवायला सांगा. मानसिंह तोमराच्या मानमंदिर राजवाड्याबद्दल सगळीकडं लिहिलेलं असतं, म्हणून एवढंच सांगते की निळ्या फरश्यांवरची पिवळी बदकं पाहून लेकीनं पहिल्यांदा स्वतःहून फोटो काढला.

मला जायचं होतं ते गुरुद्वारा दाता बंदी छोडला. दिवाळीचा एक धागा या किल्ल्यात आहे, हे मला येईपर्यंत माहीत नव्हतं. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहानं इथं कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी किल्ल्यात अडकलेल्या बावन्न राजांनाही बरोबर नेण्याचा आग्रह धरला. बादशहाची अट अशी, की जेवढे गुरूंचा पदर धरून बाहेर पडतील तेवढेच सुटतील. गुरूंनी बावन्न टोकांचा अंगरखा शिवून घेतला. एकेका टोकाला एकेक राजा. गुरू अमृतसरला पोचले तेव्हा दिवाळी होती, शहर दिव्यांनी उजळलं, आणि शीख समाज दिवाळी साजरी करतो ती बंदी छोड दिवस म्हणून.

लंगरमध्ये डाळ, पोळी, खीर. वाढणाऱ्या सरदारजींनी लेकीला सांगितलं, "बावन्न कळ्यांचा चोला मोज, मग खीर." मग स्वतःच हसून दोनदा खीर वाढली.

उतरताना चतुर्भुज मंदिर. एका कड्यातून कोरलेलं, एवढंसं, पटकन चुकेल असं. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात शून्य कोरलेलं आहे, आजच्यासारखंच गोल. गणिताच्या मास्तरांनी घरातून निघतानाच बजावलं होतं, "ते बघितल्याशिवाय घरी येऊ नका." पण मला शून्यापेक्षा मजकुराची गंमत वाटली. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळा द्यायच्या ठरल्या, असा तो हिशेब आहे. २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य. फुलांच्या माळा मोजता मोजता कोरलेलं! घरी नऊ माळांचे घट नुकतेच हलवले होते, त्यामुळं माळांचा हा जुना हिशेब जास्तच जवळचा वाटला.

द्वादशी

जयविलास महाल पाहिला. १८७४ साली पूर्ण झाला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छत पेलेल का, हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, ती पाहुण्यांपुढं मद्य आणि सिगार घेऊन जायची. लेकीला हे फारच पटलं. जेवताना "चटणी इकडं पाठवा" म्हणायची वेळ येणार नाही, असं तिचं म्हणणं. सुटीचा वार आधी बघून जा.

खरी मजा संध्याकाळी दारात आली. सहा-सात पोरं, पुढच्याच्या हातात एक विचित्र बाहुला: तीन काड्या तिपाईसारख्या बांधलेल्या, वर मातीचं रंगवलेलं डोकं, मोठ्या मिशा, मध्ये पेटती पणती. दार अडवून कोरसमध्ये गाणं सुरू. हा टेसू. दसऱ्याला निघतो आणि शरद पौर्णिमेपर्यंत दारोदार फिरतो. हट्टी आहे, एका जागी अडून बसतो आणि खायला दहीबडा मागतो, असं गाण्यातच आहे. (दसऱ्याच्या ताटातल्या दहीबड्यांचा याच्याशी संबंध आहे का, असं मी आत्याला विचारलं. "बडे उरले होते म्हणून केले," ती म्हणाली. उडीद आधी की बडे आधी, ते मी विचारलं नाही.) नातवानं पाच रुपये दिले, पोरांनी दहा मागितले, सौदा सातावर तुटला.

पोरं हलली नाहीत तोच मुली आल्या. त्यांच्या डोक्यावर झेंझी: अंगभर भोकं पाडलेलं छोटं मडकं, आत दिवा. भिंतीवर उजेडाचे ठिपके फिरायला लागले आणि लेक अंगणातून हलेना.

गोष्ट महाभारतातली, पण महाभारताच्या पोथीत शोधू नका. घटोत्कचाचा मुलगा बर्बरीक युद्धाला निघाला. तो ज्या बाजूनं लढेल ती बाजू जिंकणार, म्हणून कृष्णानं त्याचं शिर मागून घेतलं. त्यानं उंचावरून युद्ध बघायची इच्छा धरली, म्हणून शिर उंच ठेवलं. टेसूच्या तीन काड्यांवरचं डोकं ते हे. वाटेत त्याचं झेंझीवर मन बसलं होतं, लग्न व्हायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून ब्रज, बुंदेलखंड आणि ग्वाल्हेरकडची मुलं दर वर्षी पौर्णिमेला ते लावतात, आणि हे लग्न लागल्याशिवाय माणसांच्या लग्नांना मुहूर्त नाही, असा इकडचा रिवाज.

त्रयोदशी, चतुर्दशी

पहिला दिवस लाडवांनी खाल्ला. नया बाजारातल्या बहादुराचे बुंदीचे लाडू साजूक तुपातले, गरम मिळतात. मी सकाळी चार खाल्ले आणि दुपारभर आत्याच्या ओव्याच्या पाण्यावर पडून राहिले. लाडवांचा यात दोष नाही. संध्याकाळी बरं वाटल्यावर तानसेनाच्या समाधीवर जाऊन आलो. सूफी संत महंमद गौस यांच्या भव्य कबरीच्या अंगणात, बाजूला, अगदी साधी. शेजारी चिंचेचं झाड. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात, म्हणून खालच्या फांद्या बोडक्या. माझ्या पोटाची अवस्था बघता मी गळा आहे तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंगणात भोंडला झाला. पाटावर गव्हाच्या दाण्यांचा हत्ती. हस्त नक्षत्राचा हत्ती, पावसाचा हत्ती. दसऱ्याला त्याची सोंड आम्ही पाहिलीच होती. आत्याकडं भोंडला कोजागरीच्या आदल्या दिवशी असतो, दसऱ्याला तिला वेळ नसतो म्हणून. फेरात चार मराठी बायका आणि नऊ हिंदी शेजारणी. गाणी आमची, ठेका त्यांच्या टाळ्यांचा, त्यामुळं आपली संथ गाणी तिसऱ्या कडव्यापर्यंत पळायला लागली. नणंदा-जावांचे टोमणे मात्र भाषांतर न करताच समजत होते. नेमक्या ओळींना नेमक्या बायका हसत होत्या. खिरापत ओळखायची वेळ आली. करंजी, नाही. वड्या, नाही. गूळखोबरं, नाही. डब्यात निघाली बेडई, उडदाचं सारण भरलेली. पुण्यात कुणी हे केलं असतं तर दंगा झाला असता.

पौर्णिमा

दिवसभर दूध आटत होतं. आत्याची पद्धत: दोन लिटरांचं सव्वा लिटर होईपर्यंत मंद आच, साखर शेवटी, केशर, वेलची, जायफळ, चारोळी, आणि एक चिमूट मिरपूड. मिरपूड विसरू नका, थंडी इथं त्या रात्री पहिल्यांदा जाणवते. शेजारी दुधाऐवजी खीर करतात आणि चाळणीखाली रात्रभर गच्चीत ठेवून सकाळी खातात. आमचं रात्रीच संपतं. गुप्ताजींच्या गच्चीवर खीर आणि आमच्या गच्चीवर दूध, मध्ये दीड फुटाची भिंत. साडेनऊपर्यंत दोन्हीकडची भांडी भिंतीवरून ये-जा करायला लागली होती.

आठ वाजता कोपऱ्यावर टेसू-झेंझीचं लग्न लागलं. वऱ्हाड दोन्हीकडचं, बँड म्हणजे एक ताशा, भटजी आठवीतला. अक्षता उडाल्या, लाह्या वाटल्या आणि लगेच नवरदेवाचं डोकं फोडलं. लेकीला धक्का बसला. "लग्न झालं की लगेच?" तिथल्या एका मुलीनं तिला समजावलं की टेसू मरतोच, दर वर्षी, म्हणून तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो. भिजलेली माती, काड्या आणि झेंझीची खापरं सगळी पाण्यात सोडायला पोरं निघून गेली. लेकीनं कुंभाराकडून एक झेंझी आधीच घेऊन ठेवली होती, ती तिनं देवघरात लपवली.

मग ओवाळणी. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. आत्याचा थोरला छप्पन्न वर्षांचा, बँकेतून नुकताच निवृत्त, पाटावर मांडी घालताना दोन हातांचा आधार घेत बसला. आत्यानं त्याला ओवाळलं, आणि त्यानं हात पुढं केला, "काय देणार?" तिनं पन्नास रुपये दिले. दर वर्षी तेवढेच देते म्हणे. वहिनी म्हणाल्या, यांना महागाई भत्ता लागू करा.

चंद्र माथ्यावर आल्यावर गाणं. गल्लीतल्या एक वयस्क बाई गायला येतात. ग्वाल्हेरला गाण्याची बैठक म्हणजे काही आगाऊ ठरवून करायची गोष्ट नाही. तंबोरा एका घरात, तबला दुसऱ्या. ख्यालगायक हद्दू खां, हस्सू खां इथलेच. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा ख्याल शिकण्यासाठी घर सोडून या गावापर्यंत आले आणि वासुदेवबुवा जोशींकडून ही गायकी घेऊन महाराष्ट्रात परतले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फौजा इकडं आल्या आणि राहिल्या; गाणं उलट्या दिशेनं गेलं. बाईंनी केदार घेतला. बंदिश आधी सगळी मांडली, अस्ताई-अंतरा सरळ, मग विस्तार. आतोबा मान न हलवता ऐकत होते. मध्येच भिंतीपलीकडून गुप्ताजींची दाद आली, दोन सेकंद उशिरा, पण बरोबर जागेवर.

को जागर्ति, कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. आमच्या गच्चीवर अडीच वाजता लेक आणि नातू जागे होते, चाळणी हटवून खीर खात.

जाणाऱ्यांसाठी: झेंझी घ्यायची तर दसऱ्यानंतर लगेच घ्या, पौर्णिमेला मिळत नाही. आणि हातातल्या सामानात ठेवू नका. आमची गाडीत एका ट्रंकेखाली गेली. खापरं लेकीनं टाकू दिली नाहीत.

पुण्यात

शमीची डहाळी मी बाबांसाठी काडेपेटीत घालून आणली होती. उघडली तेव्हा पानं गळून चुरा झाली होती, काटे तेवढे शाबूत. बाबांनी चुरा तळहातावर घेतला, देवासमोर ठेवला आणि विचारलं, "आपटा पोचला का तिला?"

पोचला, मी म्हटलं. नातवानं वहीत चिकटवलाय, खाली कचनार लिहून.

बाबांनी आत्याला फोन लावला. "तुझं सोनं आलं गं. निम्मं वाटेत सांडलं."

"मग ये न लुटायला," ती पलीकडून म्हणाली.

फोन ठेवून बाबा थोडा वेळ काडेपेटीशी खेळत बसले. मग मला म्हणाले, त्या गाडीला खालचा बर्थ मिळतो का बघून ठेव.